पेज काढलं, आता माणसं जोडायची

कुणी शेतातून आत्ताच आल्या असाल, कुणाचे हात पिठात असतील. काम चालू राहू द्या, फक्त रेडिओ जरा जवळ घ्या.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गेल्या काही महिन्यांत ग्रामसंघाच्या बैठकांना आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे बैठक संपता संपता कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, "ताई, आम्ही पण पेज काढलंय हो. पण लोकंच येईनात." कुणाचे पापड असतात, कुणाच्या गोधड्या, कुणाचा शेळीच्या दुधाचा साबण. फोटो छान टाकलेले असतात. आणि लाइक करणारे कोण? नवरा, भाऊ, दीर आणि समूहातल्याच दहा बायका. म्हणजे घरचंच लग्न आणि घरचेच वऱ्हाडी.

आमच्या समूहात आम्ही 12 जणी. सोलापूरकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतो. उद्योगासाठी समूहाच्या नावावर बँकेचं कर्ज घेतलेलं आहे, आणि हप्ता महिन्याच्या 5 तारखेला जातो. पेजला लाइक आले का नाही हे बँक विचारत नाही. त्यामुळे पेज ही आमची हौस नाही, त्यातून भाकरी विकली गेली पाहिजे. त्या हिशोबानेच आज बोलतो.

माणसं कशी वाढवायची ते सांगण्याआधी एक प्रश्न. तुमचं पेज कुणाच्या नावावर आहे?

हसू नका. आम्ही हा प्रश्न विचारला की निम्म्या ठिकाणी उत्तर येतं, "भाच्यानं काढून दिलंय." भाचा हुशार असतो, प्रेमाने काढून देतो, त्याचा काही दोष नाही. पण शेजारच्या गावातल्या एका समूहाचं काय झालं ते ऐका. पेज भाच्याच्या खात्यातून काढलेलं. वर्षभरात चांगली माणसं जोडली गेली. मग भाचा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा नंबर बदलला, जुन्या खात्याचा पासवर्ड हरवला. इकडे दिवाळीच्या तोंडावर लोक पेजवर विचारतायत, चकलीचा भाव काय, अनारसे मिळतील का, आणि बायकांना ते दिसतंय पण उत्तर देता येत नाही. दुकान आपलं, माल आपला, आणि कुलपाची किल्ली पुण्याला. शेवटी त्यांनी दुसरं पेज काढलं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात केली.

म्हणून नीट समजून घेऊ. फेसबुकवर आपलं स्वतःचं खातं असतं, त्याला प्रोफाइल म्हणतात. प्रोफाइल म्हणजे आपलं घर. तिथे 5,000 च्या वर मित्र घेता येत नाहीत, आणि घरात गिऱ्हाईक बसवायचंही नसतं. पेज म्हणजे रस्त्यावरचं दुकान. तिथे कितीही लोक येऊ शकतात. पण दुकान कुणाच्या तरी खात्यातूनच उघडावं लागतं, आणि ज्याच्या खात्यातून उघडलं तो मालक. सोय अशी आहे की मालक एकापेक्षा जास्त करता येतात. पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या बाईच्या खात्याला पूर्ण अधिकार देता येतो. ती तिच्या फोनवरून, तिच्याच पासवर्डने पेज चालवते. एकमेकींना पासवर्ड सांगायची गरज पडत नाही. आमच्याकडे अध्यक्ष आणि सचिव, दोघींना पूर्ण अधिकार आहेत. तिसरी एक तरुण सून आहे, तिला फक्त पोस्ट टाकायचा आणि उत्तरं द्यायचा अधिकार आहे.

इन्स्टाग्रामचं थोडं वेगळं. तिथे एकाच पासवर्डने खातं उघडतं. तो आम्ही कागदावर लिहून, पाकिटात बंद करून समूहाच्या पेटीत ठेवलाय. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, हे आपल्याला नवीन नाही. पैशाला जो नियम लावतो तोच पासवर्डला लावायचा. पेजसाठी वेगळं सिमकार्ड घेतलं, ते कुणाच्या आधारवर घेतलंय आणि त्या बाईने समूह सोडला तर काय करायचं, याचा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. भाच्याने काढून दिलेलं पेज असेल तर भांडू नका. तो पुढच्या वेळी गावाला आला की चहा करा, शेजारी बसवा आणि दोन मालक वाढवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

नावाबद्दल थोडक्यात. नाव छोटं ठेवा, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, पाकीट, सगळीकडे तेच ठेवा. लोक इंग्रजी अक्षरांत मराठी शोधतात, म्हणून नाव दोन्ही लिपींत लिहा. समूहाच्या नावातून माल कळत नसेल तर पुढे मालाचं नाव जोडा. नुसतं देवीचं नाव ठेवलं तर त्या नावाची शंभर पेजं निघतात, आणि आपलं कुठलं हे आपल्या बहिणीलासुद्धा सापडत नाही.

आता माणसं.

आम्ही पहिल्यांदा बसलो तेव्हा एकमेकींना विचारलं, आपली कडक भाकरी विकत कोण घेणार? गावात कोण घेणार? इथे प्रत्येकीच्या चुलीवर भाकरी आहे. घेणारी माणसं गावाबाहेर आहेत. पुण्याला कंपनीत लागलेला पुतण्या, मुंबईला दिलेली नणंद, हैदराबादला कामाला गेलेलं कुटुंब, होस्टेलवर राहणारी पोरगी. ज्यांना ती चव माहीत आहे आणि जिथे आहेत तिथे ती मिळत नाही, असे लोक. मग प्रत्येकीने वहीत 10 नावं लिहायची असं ठरलं. सासरची, माहेरची, वर्गातली, कुणाचीही, पण गावाबाहेर राहणारी. 12 जणींची 120 नावं झाली. एकच माणूस दोघींच्या यादीत आला तो गाळून शंभराच्या आत राहिली.

या नावांना आम्ही लिंक पाठवून गप्प बसलो नाही. फोन केले. दिवसाला तीन-चार, दुपारी निवांत वेळ असतो तेव्हा. ख्यालीखुशाली विचारायची, मग सांगायचं की आम्ही असं असं सुरू केलंय, पेज फॉलो कर, आणि आपल्याकडच्या अजून एका माणसाला सांग. एकाच माणसाला सांग म्हटलं की माणूस विचार करतो, कुणाला सांगू? आणि नेमकं त्यालाच सांगतो ज्याला भाकरी हवी आहे. दहाजणांना पाठव म्हटलं की तो कुणालाच पाठवत नाही. हे आमचं निरीक्षण आहे, तुम्ही करून बघा.

एक पथ्य पाळा. कुणाला न विचारता व्हॉट्सॲपच्या गटात घालू नका. माणूस चिडतो, गट सोडतो आणि वर पेजही बघत नाही. त्यापेक्षा ब्रॉडकास्टची यादी करा. त्यातला निरोप प्रत्येकाला वेगळा जातो, कुणाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. पण तो निरोप त्यालाच पोचतो ज्याने आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. म्हणून फोनवर शेवटचं वाक्य हेच असू द्या, "नंबर सेव्ह करून ठेवा बरं का."

दुसरी माणसं पाकिटातून येतात. प्रत्येक पाकिटात आम्ही हातभर नव्हे, चार बोटांची एक चिठ्ठी टाकतो. त्यावर पेजचं नाव, नंबर आणि एक क्यूआर कोड. तो फोनने टिपला की पेज उघडतं. भाकरी ताटात मोडली जाते तेव्हा चार माणसं ताटाभोवती असतात, आणि विचारणारं एक तरी निघतंच की ही कुठून आणली.

तिसरी जागा प्रदर्शन. तालुक्याचं असो, जिल्ह्याचं असो, नाहीतर मुंबईला महालक्ष्मी सरसला नंबर लागलेला असो. तिथे माल खपतो, आपण आनंदाने घरी येतो, आणि घेणारा माणूस कोण होता, कुठला होता, काही माहीत नसतं. स्टॉलवरून गेलेला माणूस गेला. म्हणून पैसे देताना, हातात फोन असतोच त्याच्या, तेव्हाच म्हणायचं, "दादा, तेवढं पेज फॉलो करून ठेवा, संपली की घरपोच पाठवू." लाजायचं नाही. स्टॉलवर दोघी असाल तर एकीने माल द्यायचा, दुसरीने एवढंच काम करायचं.

आता सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हे, की टाकायचं काय?

आम्ही एक गोष्ट पक्की धरलीय. जे काम आपण दुसऱ्या कुणाला दाखवत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काय आहे असं आपल्याला वाटतं, तेच लोकांना बघायचं असतं. भाकरी थापताना बोटं कशी फिरतात, काठ कसा पातळ होतो, तव्यावर पाणी कसं फिरवतात, आणि मग मंद आचेवर ती वाळून पापडासारखी कशी होते. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसलेल्या पोरीला भाकरी थापता येत नाही, तिला ते बघत राहावंसं वाटतं. आपल्या रोजच्या हातांचं तिला अप्रूप आहे.

आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक आक्का आहेत. चटणी त्यांच्या देखरेखीखाली होते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ उखळात घालून तेल सुटेपर्यंत कुटायचं. एकदा सुनेने मिक्सर पुढे केला तर आक्का म्हणाल्या, "मिक्सरमधी भुगा हुतो गं, चटणी हुत न्हाई." हे बोलणं आणि मागून मुसळाचा धप्प धप्प आवाज, एवढंच अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्ड झालं होतं. आम्ही आक्कांना विचारून ते टाकलं. कुठलं गाणं नाही, रंगीत अक्षरं नाहीत. त्याच्याखाली जेवढ्या कमेंट आल्या तेवढ्या त्याआधीच्या सगळ्या फोटोंना मिळून आल्या नव्हत्या. आजीची आठवण आली, आमच्या घरी असंच उखळ होतं, आता कुठे मिळतं हे. त्या कमेंट करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी पुढे चटणी मागवली. आक्कांना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मग आता भाव वाढवा."

व्हिडिओ काढायचं तंत्र मोठं नाही. फोन उभा धरा. आधी पदराने कॅमेऱ्याची काच पुसा, आपल्या फोनवर पिठाचा नाहीतर तेलाचा हात लागलेलाच असतो. सकाळच्या उजेडात, दाराशी बसून काढा. अंधाऱ्या चुलीपाशी काढलेलं काही दिसत नाही. वीस-तीस सेकंद पुरेत. पहिल्या दोन-तीन सेकंदांत भाकरी नाहीतर चटणी दिसलीच पाहिजे, नाहीतर बोट वर सरकतं आणि माणूस पुढच्या व्हिडिओवर जातो. सुरुवातीला समूहाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, सगळी वंशावळ सांगत बसू नका, ती खाली लिहा. सिनेमाचं गाणं लावायचा मोह होतो. पण गाण्यांचे हक्क असतात, धंद्याच्या खात्यावरून लावलेल्या गाण्याचा आवाज बंदही होऊ शकतो. आपल्याकडे मुसळाचा आवाज आहे, जात्याची घरघर आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि भाव लिहा. "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलेलं बघितलं की आम्हाला रागच येतो. दुकानात गेल्यावर दुकानदाराने कानात भाव सांगितला तर आपण घेऊ का? वजन किती, भाव किती, पाठवणावळ किती, कुठे पाठवता, हे चार शब्द प्रत्येक पोस्टखाली असू द्या.

तोंड दाखवायचं का, हा प्रश्न मोठा आहे, आणि तो फोनमध्ये सुटत नाही, घरात सुटतो. आमच्या एका वहिनींच्या सासरी व्हिडिओत दिसणं चालत नव्हतं. त्यांनी बैठकीत सांगितलं, "माझे हात दाखवा, तोंड नको." आम्ही तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. जिला दिसायचं आहे ती दिसेल, जिला नाही तिचे फक्त हात दिसतील, आणि एकदा हो म्हटलेली उद्या नको म्हणाली तर व्हिडिओ काढून टाकायचा, कारण विचारायचं नाही. लहान मुलींचे चेहरे आम्ही टाकत नाही. कुणाचं घर, घराचा रस्ता, घरात कोण कधी असतं, हे कळेल असं काही टाकत नाही. त्या वहिनींचे हात आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. हिरव्या बांगड्यांवरून लोक विचारतात, "आज त्या ताई दिसत नाहीत?"

काय टाकू नये तेही सांगतो. रोज सकाळी फुलांचं चित्र आणि शुभ सकाळ, ते घरच्या गटात ठीक आहे, दुकानावर नको. निवडणुकीचं काही नको. आणि औषधाचे दावे तर अजिबात नकोत. "आमच्या भाकरीने साखर उतरते", "गुडघेदुखी जाते", असं लिहिलेलं बघतो आम्ही. खाण्याच्या पदार्थाने रोग बरा होतो असं सांगून विकणं कायद्यात बसत नाही. औषधांच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध 1954 पासून कायदा आहे, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांतही ते चालत नाही. ज्वारीची आहे, उखळातली आहे, एवढं सांगा, तेवढं पुरतं. आणखी एक. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तिचं नाव मोठं आहे. आमची ज्वारी आमच्या शिवारातली, म्हणून आम्ही "मंगळवेढ्याची" असं लिहीत नाही. लिहिलं तर दोन पाकिटं जास्त जातील कदाचित. पण विचारणारा मंगळवेढ्याचाच निघाला तर?

किती वेळा टाकायचं? नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब, ही पंचसूत्री आपल्याला झोपेतून उठवलं तरी पाठ आहे. पेजलाही नियमितपणाच लागतो. आठवड्यात तीन वेळा जमत असेल तर तीन, एकदा जमत असेल तर एकदा, पण ठरलेल्या वारी. आठ दिवस रोज पाच पोस्ट आणि मग सुगीत दोन महिने गप्प, असं झालं की लोक समजतात दुकान बंद पडलं. आम्ही सुगीच्या आधी दहा-बारा व्हिडिओ काढून ठेवतो.

आता त्या दहा हजारांची गोष्ट.

पेज सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते. तालुक्याच्या गावाहून एक पोरगा आला. बोलायला गोड. म्हणाला, "मावशी, तुमचे फॉलोअर दोनशेच्या आतच आहेत. 3,000 रुपयांत 10,000 करून देतो. आठवड्यात." तो गेला आणि त्या आठवड्याची बैठक चांगलीच तापली. तरुण मुलींचं म्हणणं, आकडा मोठा दिसला की लोकांचा विश्वास बसतो, मग खरेही येतात. हे अगदीच खोटं नाही, गर्दी असलेल्या हॉटेलात आपणही जातो. कोषाध्यक्ष म्हणाल्या, "दहा हजारांत भाकरी खाणारे किती?" कुणालाच उत्तर देता येईना. तीन हजार म्हणजे आमची एका महिन्याची बचत. ती बचत कुणी खुरपायला जाऊन आणलेली, कुणी अंडी विकून.

मग असं ठरलं की त्याला नाही म्हणायच्या आधी त्याने वाढवून दिलेलं एखादं पेज बघायचं. त्याने आनंदाने दाखवलं. कपड्यांचं दुकान होतं. फॉलोअर हजारोंनी. पण फोटोखाली लाइक चार, कमेंट एकही नाही. फॉलोअरची नावं उघडून बघितली. परदेशी नावं, कुणाला फोटो नाही, कुणाच्या नावापुढे नुसते आकडे. आमच्या सुनेने एकाचं खातं उघडलं तर त्याने हजारो पेजं फॉलो केलेली आणि स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. हे लोक नाहीत, बुजगावणी आहेत. लांबून माणसांसारखी दिसतात, पण भाकरी मागवत नाहीत.

नुकसान नुसतं तीन हजारांचं नसतं. तुमची पोस्ट पुढे कुणाला दाखवायची हे ॲप ठरवतं, आणि ते ठरवताना बघतं की लोक थांबून बघतात का, आवडलं म्हणतात का, दुसऱ्याला पाठवतात का. दहा हजारांतले नऊ हजार आठशे बुजगावणी असली तर कुणीच थांबत नाही. ॲपला वाटतं, यात काही दम नाही. मग आपल्या खऱ्या दोनशे माणसांना आणि त्यांच्या ओळखीच्यांनासुद्धा पोस्ट कमी दिसते. शिवाय असे विकतचे फॉलोअर या कंपन्यांच्या नियमात बसत नाहीत, त्या ते शोधून काढून टाकतात.

आम्ही त्याला चहा पाजून पाठवला. त्या महिन्यात 3,000 रुपये खर्च केले, पण पाकिटं बंद करायचं सीलिंग मशीन आणि छापील लेबलं यांवर. तरुण मुली दोन दिवस रुसून होत्या, हेही सांगून टाकतो.

पैसे देऊन करायची खरी जाहिरात वेगळी असते. तिला बूस्ट म्हणतात, आणि ते पैसे थेट फेसबुकलाच जातात. त्यात आपल्याला ठरवता येतं, फक्त पुण्यातल्या लोकांना दाखव, एवढ्या वयाच्या लोकांना दाखव. ती वाईट नाही. पण आमचं मत असं, की ज्या पोस्टला फुकटात चांगला प्रतिसाद आला तिलाच पैसे लावा, रक्कम आधी बैठकीत मंजूर करून घ्या, आणि तेवढ्या पैशांत किती ऑर्डर आल्या ते लिहून ठेवा. ज्या पोस्टकडे कुणी फुकटात बघत नाही, तिच्यावर पैसे टाकून ती गोड होत नाही.

लिहून ठेवायचं म्हटलं तर वही लागतेच. आमच्या वहीत पाच रकाने आहेत. या आठवड्यात फॉलोअर किती वाढले, विचारलं किती जणांनी, घेतलं किती जणांनी, दुसऱ्यांदा घेतलं किती जणांनी, आणि प्रत्येकाला आपण कुठून कळलो. शेवटचा रकाना विचारल्याशिवाय भरत नाही, म्हणून ऑर्डर घेताना विचारायचंच. इन्स्टाग्रामवर धंद्याचं खातं फुकट करता येतं, आणि थोडे लोक जमले की ते कुठल्या शहरातले, कुठल्या वयाचे हेही दिसतं. आम्हाला वाटलं होतं मुंबई पहिली येईल. आलं पुणे. तेव्हापासून पुण्याला जाणारं पार्सल आम्ही एकाच ठरलेल्या वारी काढतो, पाठवणावळ कमी पडते. फॉलोअरच्या रकान्याकडे आम्ही बघतो, नाही असं नाही. पण कोषाध्यक्ष हप्त्याचा हिशोब चौथ्या रकान्यावर करतात, दुसऱ्यांदा घेणाऱ्यांच्या.

माणूस आला, त्याने विचारलं, आणि उत्तर दोन दिवसांनी गेलं, तर सगळं पाण्यात. आम्ही फोनची पाळी लावलीय. एका आठवड्याला एक बाई. सकाळी 9 ते रात्री 8. व्हॉट्सॲप बिझनेस नावाचं वेगळं ॲप फुकट मिळतं, त्यात मालाचे फोटो भावासकट लावून ठेवता येतात, आणि रात्री कुणी विचारलं तर "सकाळी उत्तर देतो" असा निरोप आपोआप जातो. रात्रीच्या मेसेजला उत्तर द्यायचं नाही, हा आमचा नियम आहे, घरातही त्यामुळे कटकट होत नाही.

एकदा एका बाईंनी पेजवर सगळ्यांसमोर लिहिलं, "भाकऱ्या मोडून आल्या, पैसे वाया." वाटेत पार्सल आपटलं होतं. कुणीतरी म्हणालं, कमेंट पुसून टाका. पुसली नाही. तिथेच सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की ताई, दुसरं पाकीट पाठवतो, पैसे नकोत. आणि नव्या पाकिटात खाली-वर जाड पुठ्ठा घालतानाचा व्हिडिओ टाकला. त्या बाईंनी आठ दिवसांनी स्वतः फोटो टाकला, अख्ख्या भाकऱ्यांचा. आज त्या आमच्या जुन्या गिऱ्हाइकांत आहेत.

माणसं वाढली की चोरही येतात. एक प्रकार फार चालतो. फोन येतो, "मैं आर्मी से बोल रहा हूँ", शंभर पाकिटं पाहिजेत, पैसे आत्ताच पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून गेले. दुसरा प्रकार, पेजवर मेसेज येतो की तुमचं पेज नियम मोडल्यामुळे बंद होणार आहे, या लिंकवर जाऊन पासवर्ड भरा. भरायचा नाही, लिंक उघडायचीच नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, पेज काढून देणाऱ्या भाच्यालासुद्धा. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच क्षणी 1930 वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

घाणेरडं बोलणारे येतात. येतातच. आमच्याही पेजवर आले. पाळीवरच्या बाईने ते एकटीने वाचून मनात ठेवायचं नाही, असं ठरलंय. आधी फोटो काढून ठेवायचा, म्हणजे स्क्रीनशॉट, मग कमेंट काढायची, माणूस ब्लॉक करायचा, आणि बैठकीत सांगायचं. पुन्हा पुन्हा त्रास देणारा असेल तर तो स्क्रीनशॉट पोलिसांकडे पुरावा म्हणून चालतो. काही शब्द असलेल्या कमेंट आपोआप लपतील अशी सोयही सेटिंगमध्ये आहे. आम्ही शिव्यांची यादी करायला बसलो तेव्हा आक्कांनी जी भर घातली, ती रेडिओवर सांगण्यासारखी नाही.

आता मागच्या भागानंतर एका ताईंचा निरोप आला होता, त्याचं उत्तर देऊन थांबतो. त्या विचारतात, आमच्या समूहात दहा जणींत स्मार्टफोन दोघींकडेच आहे, तोही नवऱ्यांचा, संध्याकाळी घरी येईल तेव्हा. मग आम्ही पेज काढावं का? ताई, काढा, पण नवऱ्याच्या फोनवर नको. आधी समूहाच्या बचतीतून एक साधा स्मार्टफोन घ्यायचा ठराव मांडा, मालमत्ता रजिस्टरमध्ये त्याची नोंद करा आणि पाळी लावा. तोपर्यंत 10 नावांची वही सुरू करा, तिला फोन लागत नाही. व्हिडिओ कसे काढायचे ते बघायचं असेल तर पुढच्या गुरुवारी दुपारी 2 वाजता ग्रामसंघाच्या खोलीत या. आमच्या आक्का उखळ घेऊन येणार आहेत. येताना एकीने मूठभर लसूण सोलून आणा. नमस्कार.